विंचेस्टर ते ईस्टबोर्न: खडूच्या डोंगरधारेवरून मायलेकींची सायकल

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळून साउथ डाउन्स नावाची खडूची डोंगररांग जाते. तिच्या माथ्यावरून विंचेस्टर ते ईस्टबोर्न अशी १६० किलोमीटरची वाट आहे, साउथ डाउन्स वे. जून २०२४ मध्ये मी आणि माझ्या लेकीने ती सायकलने केली आणि शेवटचा समुद्राकाठचा तुकडा पायी चाललो. जायच्या आधी मी इंटरनेटवर बरंच वाचलं. लिहिणारे बहुतेक सगळे ही वाट एका दमात मारणारे, कार्बनच्या सायकली बाळगणारे. पन्नाशीला टेकलेली, कॉलेज सुटल्यावर सायकलला हात न लावलेली बाई हे कसं करेल, ते कुठेच सापडेना. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी उंचीबद्दल. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे आकडे वाचून हसूच येतं. या धारेवरचा सगळ्यात उंच माथा, बट्सर हिल, जेमतेम २७० मीटर. पण धार सलग नाही. मीऑन, अरुन, ॲडर, ऊझ, ककमिअर या नद्यांनी ती जागोजाग कापली आहे. प्रत्येक नदीशी खाली उतरायचं, बहुतेक ठिकाणी जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत, आणि पलीकडे पुन्हा तेवढंच चढायचं. असं करत शेवटापर्यंत एकूण चढ चार हजार मीटरच्या आसपास जातो. शिवाय डोंगराची उत्तर बाजू उभी आणि दक्षिण बाजू उतरती आहे, त्यामुळे उत्तरेच्या गावात मुक्कामाला उतरलात तर सकाळी पहिलं काम म्हणजे तो कडा चढणं.

सायकल कुठे चालवता येते हेही आधी समजून घ्या. इंग्लंडमध्ये ज्या वाटा फक्त चालणाऱ्यांच्या आहेत त्यांवर सायकल चालवायचा हक्क नसतो. घोड्यांच्या वाटांवर, म्हणजे ब्रायडलवेवर, १९६८ च्या कायद्याने तो मिळाला आहे, मात्र चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी जाऊ द्यायचं या अटीवर. खांबावर पिवळा बाण असेल तर फक्त पायी, निळा असेल तर सायकल चालते. सरकारी नकाशांच्या १:२५,००० मालिकेत आखूड हिरव्या तुटक रेषा पायवाटेच्या आणि लांब तुटक रेषा घोडवाटेच्या. साउथ डाउन्स वे १९७२ मध्ये घोडवाट म्हणूनच खुली झाली, त्यामुळे आज विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत सायकलने जायचा रस्ता सलग मिळतो. ओकच्या फळाचं चिन्ह आणि निळा बाण दिसत राहिला की आपण बरोबर आहोत. चालणाऱ्यांची वाट एक-दोन ठिकाणी वेगळी होते, तिथे खांब नीट वाचायचा.

आता सायकल. माझी सायकल ऑफिसच्या ‘सायकल टू वर्क’ योजनेतून घेतली. इथे नोकरी करणाऱ्यांनी ही योजना जरूर बघावी. तत्त्व सोपं आहे: कंपनी सायकल विकत घेते, आपल्याला भाड्याने देते आणि भाडं कर कापायच्या आधीच्या पगारातून दरमहा वळतं करते. त्यामुळे तेवढ्या रकमेवरचा प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) वाचतो. ७२० पौंडांची सायकल, हेल्मेट, कुलूप आणि दिवे मिळून मला बारा महिने महिन्याला साधारण ४३ पौंड हातातून गेल्यासारखं झालं. अटी दोन: कपात झाल्यावर पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, आणि सायकलचा मुख्य वापर कामावर जाण्यायेण्यासाठी हवा. मी रेडिंग शहरात राहते आणि ऑफिसला या सायकलनेच जायचं ठरवलं होतं, त्यामुळे दुसऱ्या अटीची काळजी नव्हती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज भरला. त्यात दुकानाचं कोटेशन लागतं, म्हणून आधी दुकानात जाऊन सायकल पसंत करावी लागते. मग एचआरची मंजुरी, मग भाडेकरारावर ऑनलाइन सही, मग व्हाउचर. मंजुरीच पगाराच्या तारखेला जोडलेली असल्याने मधले तीन आठवडे नुसती वाट बघण्यात गेले. फेब्रुवारीत सायकल घरी आली. त्याच दिवशी फ्रेमखाली कोरलेला नंबर उतरवून पोलिसांची मान्यता असलेल्या बाइक रजिस्टर या राष्ट्रीय यादीत नोंदवला, ते फुकट असतं. घराच्या विम्यात सायकल वेगळी लिहून घेतली. वर्ष संपलं की सायकल आपल्या नावावर करायला वेगळी रक्कम भरायची किंवा भाडेकरार लांबवायचा, त्याचे नियम कंपनीगणिक वेगळे असतात. ते सही करण्याआधी विचारा.

सायकलबद्दल एवढंच सांगते: रुंद, खाचांचे टायर आणि अगदी हलके खालचे गिअर हवेत. बाकी सगळं दुय्यम. लेकीची सायकल विद्यापीठात वापरलेली जुनी होती आणि तिने कुठेच दगा दिला नाही.

सरावाला घराजवळच रिजवे आहे, बर्कशायरच्या खडूच्या डोंगरांवरची वाट. स्ट्रीटलीच्या पश्चिमेचा तिचा भाग सायकलला खुला आहे, पूर्वेचा बराचसा फक्त पायी. दर रविवारी रेल्वेने गोरिंगला उतरायचं, नदी ओलांडून स्ट्रीटलीच्या चढाला भिडायचं. पहिल्या रविवारी मी चढाच्या मध्यावर सायकलवरून उतरले आणि खाली मान घालून ढकलत राहिले. लेक वरून ओरडली, “आई, मान वर कर. ढकललेलंही मोजतात!” पुढच्या सगळ्या चढांवर आमच्यात हाच करार राहिला: पाय जमिनीला टेकले तरी चालेल, मागे फिरायचं नाही.

मुक्कामाची आखणी मार्चमध्ये केली, आणि मला वाटतं खरा कस तिथेच लागतो. जूनमध्ये शनिवारी रात्री बहुतेक घरगुती बी अँड बी (नाश्त्यासकट खोली देणारी घरं) किमान दोन रात्रींचं बुकिंग मागतात, एका रात्रीसाठी खोली देत नाहीत. त्यामुळे शनिवार-रविवारची रात्र युथ हॉस्टेलला आणि गुरुवार-शुक्रवार बी अँड बी असं वेळापत्रक उलटीकडून बसवलं. गुरुवार १३ जूनला ब्युरिटन, शुक्रवारी ॲम्बर्ली, शनिवारी ट्रुली हिलचं हॉस्टेल, रविवारी साउथईजचं हॉस्टेल, सोमवारी ईस्टबोर्न. बी अँड बीला ९५ ते ११० पौंड, हॉस्टेलच्या दोन पलंगांच्या खोलीला साठच्या आसपास. प्रत्येक ठिकाणी ईमेलने एकच प्रश्न विचारला: रात्री सायकल कुठे ठेवायची? एका ठिकाणचं उत्तर आलं, “कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी, पण कुलपाची खोली आहे.” तंबू लावून कुठेही झोपायचा विचार असेल तर सोडून द्या. इथे जमिनीच्या मालकाच्या परवानगीशिवाय तसं करता येत नाही.

रेल्वेचं तिकीट दोघींच्या ‘टू टुगेदर’ रेलकार्डावर काढलं. तेव्हा, २०२४ मध्ये, ते ३० पौंडांना होतं. दोघींचे फोटो आणि नावं कार्डावर, भाड्यात एक तृतीयांश सूट. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. घडीची नसलेली सायकल तर गर्दीच्या वेळी बऱ्याच गाड्यांत चढवूच देत नाहीत. आमच्या गाड्यांना सायकलचं आरक्षण लागलं नाही, पण लांब पल्ल्याच्या काही गाड्यांना लागतं, तेव्हा तिकिटाबरोबर तेही बघून घ्या.

गुरुवारी बेसिंगस्टोकला गाडी बदलून सव्वाअकराला विंचेस्टरला उतरलो. आभाळ भरलेलं, वारा समोरून नाही म्हणून बरं. या भागात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, त्यासाठीच लोक विंचेस्टरहून पूर्वेला निघतात. गाव सोडलं, मोटरवेवरचा पूल ओलांडला आणि चिलकोमच्या पुढे पहिला चढ लागला. चीझफूट हेडच्या खोलगट कुरणाशी पोचेपर्यंत पाऊस सुरू झाला. त्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक्स्टनला मीऑन नदी लागली, पाणी इतकं नितळ की तळाची वनस्पती वाहताना दिसते. पुढे ओल्ड विंचेस्टर हिल, माथ्यावर लोहयुगातला मातीचा कोट. दर गावात कुंपणांवर निवडणुकीच्या पाट्या, कारण ४ जुलैला मतदान होतं. बट्सर हिलवरून गवताचा लांबलचक उतार आहे, तिथे मी दोन्ही ब्रेक दाबून बसले आणि लेक हात सोडून गेली. ब्युरिटनला पोचलो तेव्हा सात वाजले होते. जूनमध्ये सव्वानऊपर्यंत उजेड असतो, ही या वेळापत्रकातली सगळ्यात मोठी सवलत.

शुक्रवारी खडू म्हणजे काय ते कळलं. हा दगड डायनासोरांच्या काळात उबदार समुद्राच्या तळाशी साचला. सूक्ष्म शेवाळांच्या चुनकट कवचांचा तो गाळ, त्यात मधूनमधून गारगोटीसारख्या चकमकीच्या दगडांचे थर. मऊ खडू झिजतो, चकमक वर उरते, आणि फुटली की तिला सुरीची धार येते. हार्टिंग डाउन ओलांडून कॉकिंगकडे जाताना माझ्या मागच्या चाकातून शिट्टी वाजली. टायर काढून आतून बोट फिरवलं तर नखाएवढी काळी कपची अडकली होती. ती काढल्याशिवाय नवी ट्यूब घालण्यात अर्थ नसतो, हे आम्ही सरावात शिकलो होतो. दोघींत चार ट्यूब, पॅच, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या होत्या. चार थोड्या जास्त वाटतील, पण माथ्यावर दुकान नाही आणि खालचं गाव म्हणजे परत चढ.

दुपारनंतर पावसाची सर गेली आणि वाट ओली झाली. ओला खडू म्हणजे न्हाणीघरातली शेवाळलेली फरशी. कोरडा असताना टायर छान धरतो, ओला झाला की वर पांढरा, गुळगुळीत थर येतो. अशा वेळी पांढऱ्या चाकोरीत न जाता कडेच्या गवतावरून चालवायचं, वळणावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, आणि उतार तीव्र असेल तर निमूट उतरायचं. एक तरुण आमच्या पुढून सुसाट गेला आणि वीस पावलांवर आडवा झाला. उठला, हसला, पुढे गेला. त्या वयात तसं उठता येतं.

कॉकिंगला माथ्यावर जायच्या आधी पाण्याचा नळ आहे, तिथे बाटल्या भरल्या. जवळच शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दीने ठेवलेल्या खडूच्या गोल शिळांपैकी एक दिसते. २००२ पासून उन्हापावसात ती झिजते आहे, आणि झिजावी हाच हेतू आहे म्हणे.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पावसाच्या देशात पाणी संपेल ही शंका कोणाला येत नाही. खडू सच्छिद्र आहे. पडलेला पाऊस तो गिळतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांतून सोडतो. म्हणून गावं सगळी पायथ्याला, माथ्यावर ना ओढा ना विहीर. मेंढ्यांसाठी पूर्वी माथ्यावर तळाला चिखल घोटून तळी करत, तीही बरीच आटलेली. वाटेवर नळ आहेत, ते राष्ट्रीय वाटांच्या अधिकृत संकेतस्थळावर नकाशात दाखवलेले असतात. त्यांच्या खुणा मी आधीच कागदी नकाशावर करून ठेवल्या होत्या. माणशी दोन लिटर घेऊन निघायचं आणि दर नळाशी भरायचं. खाण्यासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की होती. दशमी दोन दिवस मऊ राहते, पिशवीत चेपली तरी बिघडत नाही. तिसऱ्या दिवसापासून मात्र गावातल्या दुकानातलं चीज सँडविच.

बिग्नर हिलवर एक लाकडी पाटी आहे. तिच्यावर लंडन आणि चिचेस्टर रोमन नावांनी लिहिलं आहे: लोंडिनियम, नोव्हिओमॅगस. रोमनांचा स्टेन स्ट्रीट हा रस्ता इथून धार ओलांडत होता, त्याचा उंचवटा अजून दिसतो. दक्षिणेला समुद्राची पट्टी, उत्तरेला शेतं, कुंपणं आणि झाडांचे पुंजके असलेला वील्ड नावाचा सखल प्रदेश. दोन्हीकडे एकाच वेळी बघता येतं ही या धारेची खासियत. लेक पाटीखाली डबा उघडून बसली आणि अर्धा तास हलली नाही.

शनिवार वाऱ्याचा निघाला. ॲम्बर्लीतून वर चढून चँक्टनबरी रिंगला पोचेपर्यंत दम गेला. लोहयुगातल्या कोटाभोवती चार्ल्स गोरिंग या तरुण जमीनदाराने १७६० मध्ये बीचची झाडं लावली. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात त्यातली बहुतेक पडली, आता पुन्हा लावलेली वाढत आहेत. झाडांच्या आडोशाला वारा थांबला तसे चंडोल ऐकू यायला लागले. गवत नीट बघायचं असेल तर इथे बसा. शतकानुशतकं मेंढ्यांनी खुडलेली, पातळ मातीची ही कुरणं, चौरस मीटरमध्ये चाळीसच्या वर जातींच्या वनस्पती उगवू शकतात. जूनमध्ये जांभळट ऑर्किड, रानटी थाईम आणि त्यावर निळी फुलपाखरं. कास पठाराची आठवण आली, फक्त इथे कुंपण नव्हतं, तिकीट नव्हतं आणि आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

ॲडर नदीजवळ बोटॉल्फ्सला नळ आहे, तिथून ट्रुली हिलचा चढ. हा मी संपूर्ण ढकलला. मुद्दाम सांगते, कारण अनुभव लिहिणारे ही वाक्यं गाळतात. वर रेडिओचे मनोरे आणि त्यांच्या बाजूला हॉस्टेल. कपडे वाळवायची खोली बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा कुठलंही दृश्य बघून झाला नव्हता. त्या दिवशी टी-ट्वेंटी विश्वचषकातला भारत-कॅनडा सामना फ्लोरिडात मैदान ओलं असल्याने रद्द झाला. लेक म्हणाली, “तिथेही आपलाच पाऊस गेला.”

रविवार १६ जून. सकाळी डेव्हिल्स डाइक, इंग्लंडमधली प्रसिद्ध कोरडी दरी. जवळजवळ शंभर मीटर खोल, तळाशी नदी नाही. हिमयुगात जमीन गोठलेली असल्याने खडू पाणी गिळू शकत नव्हता, तेव्हा वितळलेल्या बर्फाच्या लोंढ्यांनी ती कोरली. सैतानाने खोदली अशी दंतकथा आहे, म्हणून हे नाव. पायकोमच्या पुढे जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्या. जिल ही पांढरी, लाकडी. ती १८२१ मध्ये ब्रायटनला बांधली आणि १८५२ मध्ये बैल जुंपून या टेकडीवर ओढत आणली. अख्खी पवनचक्की, आणि ती डोंगर चढून! मी तिथे उभी राहून बैलांची कीव करत होते.

इथून आम्ही ठरवून वाट सोडली आणि दक्षिणेला दोनेक किलोमीटर उतरलो. पॅचमच्या वरच्या कुरणात छत्री आहे. नाव छत्रीच, आणि रूपही आपल्याकडच्या समाध्यांवर असतं तेच: आठ खांबांवर पांढरा संगमरवरी घुमट. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी ब्रायटनच्या राजवाड्यात, रॉयल पॅव्हिलियनमध्ये, रुग्णालय केलं होतं. तिथे आणि शहरातल्या इतर रुग्णालयांत जे हिंदू आणि शीख सैनिक वारले, त्यांतल्या त्रेपन्न जणांना या डोंगरावर अग्नी दिला. मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगला झालं. छत्रीचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या वास्तुविशारदाचा. १ फेब्रुवारी १९२१ ला तिचं अनावरण झालं. चितांच्या जागी ग्रॅनाइटच्या शिळा आहेत, त्यांच्या वर घुमट. शेजारच्या भिंतीवर त्या सगळ्यांची नावं २०१० मध्ये कोरली. मी एकेक नाव मोठ्याने वाचलं. लेक आधी थोडी संकोचली, मग तीही वाचायला लागली. ब्रायटनला फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींनी इथे जरूर यावं. गाडी दारापर्यंत जात नाही, कुरणातून चालावं लागतं, आत सायकल नेऊ नका. दरवर्षी जूनमध्ये इथे स्मरणाचा कार्यक्रमही होतो.

परत धारेवर चढून डिचलिंग बीकनला आलो तर रस्त्यावर सायकलींचा पूर. हृदयरोगाच्या संशोधनासाठी निधी जमवणारी लंडन ते ब्रायटन सायकलफेरी नेमकी त्याच दिवशी होती, आणि बीकनचा चढ हा तिचा शेवटचा मोठा घाट. २४८ मीटर उंचीवर उभं राहून खाली पाहिलं तर निम्म्याहून जास्त लोक सायकल हाताने ढकलत होते. लेकीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. बोलायची गरज नव्हती. रस्ता ओलांडायला मात्र दहा मिनिटं थांबावं लागलं.

तिथून साउथईजपर्यंतचा टप्पा लांब आहे. मधे मोठा हमरस्ता पुलावरून ओलांडून परत शून्यापासून चढ. गायींच्या कुरणांतून जाताना वासरं असतील तर सायकलवरून उतरून, लांबून, हळू जायचं. फाटकं असंख्य, उघडं दिसलं तर उघडं आणि बंद दिसलं तर बंद ठेवायचं. हॉस्टेल रेल्वे स्टेशनच्या शेजारीच आहे, म्हणजे कोणाचे पाय संपलेच तर इथून गाडीने घरी जाता येतं. संध्याकाळी युरो कपातला इंग्लंड-सर्बिया सामना होता. जेवणाच्या टेबलावर एकाच्या मोबाईलभोवती दहाबारा डोकी जमली, इंग्लंड एक गोलने जिंकलं आणि आमच्यापुढे न मागता चिप्सची थाळी आली.

सोमवारी फर्ल बीकन, अल्फ्रिस्टन, विंडोव्हर हिल. उतारावर कोरलेला विल्मिंग्टनचा लाँग मॅन आपल्या पायाखालीच असतो, त्यामुळे वरून जवळजवळ दिसत नाही. तो बघायचा तर खाली गावातून. अल्फ्रिस्टनला वाटेचे दोन फाटे होतात: चालणाऱ्यांची वाट समुद्राकडे, सायकल आणि घोड्यांची जेव्हिंग्टनवरून आतून. आम्ही निळ्या बाणामागे गेलो आणि दुपारी तीनला ईस्टबोर्नच्या कडेला पॅरडाइज ड्राइव्हला पोचलो. घोडवाट तिथेच संपते. फोटो काढायला समुद्र नाही, बँड नाही, रस्त्यावर एक खांब. पण सेव्हन सिस्टर्स, म्हणजे समुद्राकाठचे खडूचे सात पांढरे कडे, न बघता परत जायचं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेवरूनच फिरणं, म्हणून एक दिवस राखून ठेवला होता.

मंगळवारी सायकली गेस्टहाउसमध्ये ठेवल्या आणि पायी निघालो. उलट दिशेने, ईस्टबोर्नहून पश्चिमेला. बीची हेड हा ब्रिटनमधला सगळ्यात उंच खडूचा समुद्रकडा, १६२ मीटर. खाली पाण्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह, वरून खेळण्यातलं वाटतं. पुढे बेल टाउट हे जुनं दीपगृह. कडा ढासळत त्याच्या पायाशी आला, म्हणून १९९९ मध्ये अख्खी इमारत रुळांवर सरकवून सतरा मीटर आत नेली. हे कडे पांढरे दिसतात तेच मुळी सतत कोसळत असल्यामुळे. थांबले तर डोव्हरच्या जुन्या बंदराशेजारच्या कड्यांप्रमाणे यांच्यावरही गवत माजेल. कडेला कठडा नाही. गवत कड्याच्या पुढे नुसतं लोंबतं, खाली आधार नसतो. फोटोसाठी टोकावर पाय सोडून बसलेली पोरं बघून माझ्या पोटात गोळा आला. कडेपासून बरंच आत राहा, आणि खालच्या किनाऱ्यावरही कड्याच्या पायथ्याशी बसू नका.

बर्लिंग गॅपला चहा, शौचालय आणि समुद्रात उतरायचा जिना आहे. तिथून पुढे सात टेकड्या. प्रत्येक लहान, प्रत्येक उभी, आणि माथ्यावर गेलं की पुढची समोर उभी. सायकलीने दमलेल्या पायांना चालणं सोपं जाईल असं वाटलं होतं. उताराला गुडघे बोलायला लागले, तेव्हा लेकीच्या चालायच्या काठ्या मी घेतल्या. सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात उंच हेवन ब्रो, ७७ मीटर. तिच्यावरून ककमिअर नदीची वळणं खाली पसरलेली दिसतात आणि मागे वळलं की सहाही बहिणी एका ओळीत. ढग फाटून ऊन पडलं तेव्हा कडा इतका लख्ख झाला की डोळ्यांवर हात धरावा लागला. लेक म्हणाली, “आई, आता फोटो काढ, नुसती बघत काय बसलीस?” फोटो काढले. बरे आलेत.

एक्सीटला ईस्टबोर्नची बस मिळते, डबलडेकर, तेव्हा भाडं कमाल दोन पौंड होतं. वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडा. ईस्टबोर्नहून सायकली घेऊन गॅटविकला गाडी बदलली आणि लंडन टाळून थेट रेडिंग. गॅटविकला फलाट बदलायला लिफ्ट आहे, पण दोन सायकली एकावेळी मावत नाहीत, तेव्हा बदलायला पंधरा मिनिटं तरी हातात ठेवा.

सायकली धरल्या नाहीत तर दोघींचा मिळून खर्च ७०० पौंडांच्या आसपास आला. त्यातले चारशेच्या वर राहण्याचे, साधारण शंभर रेलकार्ड आणि तिकिटांचे, उरलेले खाण्यापिण्याचे. खडूची पांढरी पेस्ट साखळीत आणि ब्रेकमध्ये घुसते आणि वाळली की कानस लावल्यागत घासते. रोज संध्याकाळी बादलीभर पाणी मागून ती धुवायची आणि साखळीला तेल द्यायचं. तरीही घरी आल्यावर दोन्ही सायकलींचे ब्रेक पॅड बदलावे लागले, ते चाळीस पौंड वेगळे.